गाडीतळावरची रांग आणि तिचे गणित



गळीत हंगाम सुरू होऊन पंधरवडा उलटला की शेतकी खात्याकडे तक्रारी मुख्यतः दोन प्रकारच्या येतात. "आमच्या उसाला तोड कधी?" ही पहिली. "तोड झाली, गाडी भरली, तळावर येऊन उभी राहिली, आता नंबर कधी?" ही दुसरी. पहिलीचा संबंध नोंदीशी व पाळीपत्रकाशी आहे, आणि तिच्याबद्दल गटसभांतून पुष्कळ बोलून झाले आहे. दुसरीबद्दल मात्र सगळेच अंदाजाने बोलतात. गाडीवान म्हणतो, काट्यावरची माणसं झोपलीत. काटेवाले म्हणतात, गव्हाणच ऊस घेत नाही. मिलवाले म्हणतात, शेतकी खात्याने एकदम ऊस लोटला. आणि शेतकी खाते, म्हणजे आम्हीच, म्हणतो की मिल बंद पडली त्याला आम्ही काय करणार? प्रत्येकाचे थोडे थोडे खरे असते. पण कोणाचे किती खरे, हे भांडून ठरत नाही, मोजून ठरते. आणि ते मोजण्याचे एक शास्त्र आहे, ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल.

हे शास्त्र साखर कारखान्यात जन्मले नाही. ते जन्मले टेलिफोनच्या कचेरीत. डेन्मार्क देशातील कोपनहेगन शहराच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली आगनर क्रारूप एर्लांग नावाचे एक गणिती नोकरीस लागले. त्या काळी फोन जोडून देण्यास बाई बसलेली असे. किती लाईनी घातल्या व किती माणसे बसविली म्हणजे गिऱ्हाईकाला फार थांबावे लागणार नाही, असा कंपनीपुढचा प्रश्न होता. जास्त ठेवाव्या तर खर्च, कमी ठेवाव्या तर बोंब. एर्लांग यांनी १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. फोन येण्याला वेळापत्रक नसते, एका मिनिटात तीन येतील आणि पुढची पाच मिनिटे एकही येणार नाही, ह्या अनियमितपणालाच त्यांनी हिशेबात धरले. पुढे १९३० साली पोलाचेक आणि १९३२ साली रशियाचे खिंचिन ह्या दोघांनी ह्या हिशेबाला सर्वांना लागू पडेल असे रूप दिले. टेलिफोनच्या जागी दवाखाना धरा, रेल्वेची तिकीट खिडकी धरा किंवा आपली गव्हाण धरा, हिशेब तोच.

आता आपल्या तळावर येऊ. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही गोल आकडे धरतो. हे आकडे आपल्या कारखान्याचे नव्हेत, केवळ उदाहरणाचे आहेत, हे कृपया लक्षात ठेवावे. नाहीतर पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी अंक हातात घेऊन उभे राहायचे!

समजा, मिल दिवसाला २४०० टन गाळते. म्हणजे तासाला १०० टन. प्रत्येक गाडीत १० टन ऊस धरला, तर एका गाडीला ६ मिनिटे लागली आणि दिवसभरात २४० गाड्या रिकाम्या झाल्या. आता गाड्या दिवसाला २१६ येतात असे धरा, म्हणजे सरासरी तासाला ९. मिल १० घेऊ शकते आणि ९ येतात. साध्या विचाराने पाहिले तर रांग लागायला नको. पण लागते. कारण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी एका तासात १३ येतात, कधी ५. पाच आल्या तेव्हा मिलचा जो वेळ फुकट गेला तो साठवून ठेवता येत नाही, आणि तेरा आल्या तेव्हा मात्र तीन उभ्या राहतात.

किती वेळ उभ्या राहतात त्याचा नियम असा. मिलवर भार किती आणि शिल्लक किती हे पाहायचे. आपल्या उदाहरणात भार ९० टक्के, शिल्लक १० टक्के. भाराला शिलकेने भागायचे, ९ आले. त्याला एका गाडीच्या वेळाने, म्हणजे ६ मिनिटांनी गुणायचे आणि निम्मे करायचे. उत्तर आले २७ मिनिटे. गाड्या सुट्या सुट्या, पण कशाही अनियमित आल्या, तर सरासरी एवढे थांबावे लागते. भार ८० टक्के असता, म्हणजे दिवसाला १९२ गाड्या, तर हाच आकडा १२ मिनिटांवर येतो. आणि ९५ टक्के झाला तर ५७ मिनिटांवर जातो. ८० चे ९० झाले की थांबणे दुपटीहून अधिक, ९० चे ९५ झाले की पुन्हा दुप्पट. १०० च्या जवळ जावे तसतशी रांग पळत सुटते. जो कोणी म्हणतो की गव्हाण एक मिनिटसुद्धा रिकामी राहता कामा नये, तो नकळत न संपणारी रांग मागत असतो.

आता तुम्ही म्हणाल, २७ मिनिटांत नंबर लागला असता तर आम्ही तुम्हांला हार घातला असता! बरोबर आहे. कारण आपल्या गाड्या सुट्या येत नाहीत.

थव्याने येणाऱ्या गाड्या

एका गटात सकाळी टोळ्या एकाच वेळी फडात उतरतात. दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधून भरणी, आणि दिवस कलला की त्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एकामागून एक निघतात. चढ असला तर एकमेकांना ओढून देण्यासाठीही सोबत निघतात. रस्त्यात चहाला थांबल्या तरी सगळ्या मिळून थांबतात. तळावर त्या एकदम दहा येतात. दिवसाचा एकूण आकडा तोच, २१६. फक्त एकेक न येता दहादहाच्या थव्याने.

गणिती लोकांनी ह्या प्रकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत. गुवाहाटी विद्यापीठाचे ज्योतिप्रसाद मेधी यांचे थव्याच्या रांगांवरील पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हा विषय काही परदेशीच आहे असे नाही. तत्त्व समजण्यास सोपे आहे. दहाचा थवा म्हणजे मिलच्या दृष्टीने ६० मिनिटांची एक भली मोठी गाडी. एका गाडीच्या ६ मिनिटांच्या जागी ६० घातली की थव्यातल्या पहिल्या गाडीला २७ च्या दसपट, २७० मिनिटे थांबावे लागते. त्यावर आपल्याच सोबत्यांच्या मागे उभे राहणे आहेच. पहिल्याला शून्य, शेवटच्याला नऊ गाड्यांची ५४ मिनिटे, सरासरी २७. दोन्ही मिळून २९७ मिनिटे. म्हणजे पाच तासांस तीन मिनिटे कमी.

मिल तीच. ऊस तेवढाच. एकही यंत्र बिघडलेले नाही आणि काट्यावर कोणी झोपलेलेही नाही. तरी २७ मिनिटांचे पाच तास झाले. ही गोष्ट आम्ही प्रथम कागदावर मांडली तेव्हा उलटसुलट तीन वेळा तपासून पाहिली.

मिल बंद

आता दुसरा भाग. रोलर, टर्बाईन, फायब्रायझर, गव्हाणीची साखळी, बॉयलर, ज्यूसचे पंप, ह्यांतले काहीतरी एक हंगामात कधी ना कधी रुसतेच. उसात दगड, पहार किंवा कोयता जाऊन झालेले बंद वेगळेच, आणि त्याबद्दल आम्ही कोणाचे नाव घेत नाही. मध्येच बंद पडणाऱ्या सेवकाच्या रांगेचा अभ्यास १९५८ साली व्हाइट आणि क्रिस्टी यांनी प्रसिद्ध केला आणि १९६२ साली अमेरिकेच्या गेव्हर यांनी तो पुढे नेला. गेव्हर यांची युक्ती शेतकऱ्याला पटेल अशी आहे. ते म्हणतात, गाडीला किती वेळ लागला हे विचारताना मिल चालली तेवढीच मिनिटे मोजू नका. ती गाडी गव्हाणीत असताना मिल बंद पडली तर तो दुरुस्तीचा वेळही त्या गाडीच्याच नावावर मांडा.

समजा, मिल सरासरी २४ तास चालली की एकदा बंद पडते आणि दुरुस्तीस २ तास जातात. म्हणजे २६ तासांत काम २४ तासांचे. दिवसाला २४० गाड्या घेणारी मिल आता साधारण २२१ ते २२२ घेते. येणाऱ्या गाड्या २१६ च आहेत. पूर्वी २४ गाड्यांची शिल्लक होती, आता उरली साडेपाचची. भार ९० वरून साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर गेला. वर्षभरात मिल जेमतेम आठ टक्के वेळ बंद राहिली असे अहवालात दिसेल आणि सभेत टाळ्याही पडतील. पण जी शिल्लक होती तिचा तीनचतुर्थांश भाग त्या आठ टक्क्यांनी खाल्ला.

कागद-पेन्सिल न घेताही हे पाहता येते. मिल २ तास बंद होती. तासाला ९ प्रमाणे १८ गाड्या जमल्या. मिल सुरू झाली. आता तासाला १० आत जातात आणि ९ नव्या येतात. म्हणजे रांग तासाला एकच गाडीने कमी होते. १८ गाड्या संपायला १८ तास! दोन तासांच्या बंदाची किंमत वीस तास मोजायची. आणि तोवर पुढचे बंद जवळ आलेले असते. गाड्या तासाला ८ च येत असत्या, तर जमल्या असत्या १६ आणि ओसरल्या असत्या तासाला २ प्रमाणे ८ तासांत. "मिल सुरू होऊन सकाळपासून चालतेय, तरी रांग का हलत नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. रांग हलते. मागून तेवढीच भर पडते म्हणून ती हललेली दिसत नाही.

गाड्या सुट्या सुट्या आल्या आणि मिल अशी बंद पडत राहिली, तर सरासरी थांबणे २७ मिनिटांवरून ५ तास ७ मिनिटांवर जाते. म्हणजे थव्यामुळे पाच तास आणि बंदामुळेही पाच तास. मग दोन्ही एकदम असले तर किती? पाच आणि पाच दहा, असे कोणीही म्हणेल. उत्तर दहा नाही. उत्तर साडेचोवीस तासांच्या वर आहे.

ह्याच ठिकाणी सगळा घोळ आहे, म्हणून जरा थांबू. थवा आणि बंद ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. बंद पडण्याने शिल्लक संपते, आणि थव्याला ओसरण्यासाठी नेमकी ती शिल्लकच लागते. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे दुखणे वाढविले जाते. मिलवाले आणि शेतकीवाले एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा दोघेही आपापला पाच तासांचा वाटा कबूल करायला एकवेळ तयार होतील. पण उरलेले पंधरा तास दोघांच्या मध्ये पडलेले असतात आणि त्यांना धनी नसतो.

ह्याची दुसरी बाजू अशी, की कोठूनही थोडे कमी केले तरी फायदा मोठा मिळतो. थवे दहाऐवजी पाचाचे केले, बाकी काहीही न बदलता, तर साडेचोवीस तासांचे पावणेचौदा होतात. थवे दहाचेच ठेवले, पण रोजच्या गाड्या २१६ ऐवजी १९२ केल्या, तर साडेचार तास! दिवसाला चोवीस गाड्या कमी, आणि थांबणे वीस तासांनी कमी.

अर्थात ही सरासरी लांबच्या मुदतीची आहे. दोन-चार दिवसांत रांग तिथवर पोचत नाही, आणि प्रत्यक्षात आपण पोचूही देत नाही. तळ भरला की शेतकी खाते चिठ्ठ्या रोखते, गट कार्यालयाला निरोप जातो, तोड कमी होते. म्हणून तुम्हांला तळावर चोवीस तासांची रांग रोज दिसत नाही. पण ती नाहीशी होते असे मात्र समजू नका. ती फडात जाऊन उभी राहते.

तळावरची रांग सगळ्यांना दिसते, तिचे फोटो निघतात. फडात तोडून पडलेल्या उसाची रांग कोणाला दिसत नाही. आणि आपल्या दृष्टीने दोन्ही सारख्याच, कारण उसाचे घड्याळ काट्यावर सुरू होत नाही. कोयता लागला त्या क्षणी ते सुरू होते. तोडलेला ऊस वाळतो, वजन जाते. हे नुकसान सरळ ज्याचे त्याचे. त्याचबरोबर उसातली साखर फुटून तिची न जमणारी साखर होऊ लागते, आणि जीवाणू लागले की रस चिकट होतो. हे नुकसान उताऱ्यात दिसते आणि ते सगळ्या सभासदांत वाटले जाते. २००९ साली ऊस नियंत्रण आदेशात बदल होऊन आलेली एफआरपी उताऱ्याशीच बांधलेली आहे, तेव्हा शेजारच्या गावचा शिळा ऊस हा केवळ शेजाऱ्याचा प्रश्न राहत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात ही क्रिया आणखी जोराने होते. जळीत उसाचे तर विचारूच नका. आणि हार्वेस्टरने कांडी करून आणलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो, कारण प्रत्येक कांडीला दोन उघडी तोंडे. पूर्वीच्या बैलगाडीच्या जमान्यापेक्षा आता थांबणे महाग झाले आहे ते एवढ्याचसाठी.

गाडीवानाचे नुकसान ह्याहून वेगळे. त्याला पैसे टनामागे मिळतात, थांबल्याचे मिळत नाहीत. रात्रभर जू मानेवरून उतरवून बैल वाढ्यावर उभे, पोरेबाळे कोपीत, आणि दुसऱ्या दिवशीची खेप बुडाली. तळावर शिव्या ऐकू येतात त्या उगाच नाहीत.

म्हणून आमचे मत असे, की ऊस थांबायचाच असेल तर तो मुळावर उभा असताना थांबावा. बंद मोठे आहे असे कळताच निरोप सर्वांत आधी मुकादमाकडे गेला पाहिजे, तोही कोयता लागण्याआधी. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे निरोपाला मिनिटभर पुरते. अडचण निरोपाची नसते, कबुलीची असते. बंद चार तासांचे आहे की चौदा, हे पहिल्या अर्ध्या तासात कोणी छातीठोकपणे सांगत नाही. "होईल थोड्या वेळात" असे उत्तर येते, आणि त्या थोड्या वेळात पाच-पन्नास टोळ्या फडात उतरतात. आणि मिलच्या माणसांनी अंदाज चुकला तरी चालेल, पण सांगावा. तोड रोखून मिल लवकर सुरू झाली तर गव्हाण तासभर रिकामी जाईल. ते नुकसान आम्ही कमी लेखत नाही, वाफ आणि बगॅस दोन्ही जातात. परंतु तोडून पडलेल्या उसाच्या मानाने ते सोसण्यासारखे आहे.

बंदाबद्दल आणखी एक मुद्दा, आणि हा जमाखर्च पाहणाऱ्या सभासदांसाठी. हंगामाअखेर आपण बंदाचे एकूण तास पाहतो. पण रांगेला एकूण तासांशी फारसे घेणे नसते, एकेक बंद किती लांब होते ह्याच्याशी असते. वरच्याच उदाहरणात २ तासांचे बंद धरा. १८ गाड्यांची रांग चढली आणि २० तासांत उतरली. एक गाडी एक तास उभी राहिली तर तो एक गाडी-तास, असे मोजले तर हे नुकसान १८० गाडी-तासांचे. अशी चार बंदे म्हणजे ७२० गाडी-तास. आता तेच आठ तास एकदम बंद धरा. रांग चढली ७२ गाड्यांची, उतरायला लागले ७२ तास, आणि नुकसान झाले २८८० गाडी-तासांचे. बंदाचे तास दोन्हीकडे आठच, पण एकत्र आले की त्रास चौपट. अहवालाच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात.

ह्यासाठी भांडारात पडून राहणाऱ्या सुट्या भागांकडे नुसता मुडदा माल म्हणून पाहू नये. जो भाग कोठून तरी मागवून आणावा लागला असता, तो हाताशी असल्याने आठ तासांचे बंद दोन तासांचे होते, त्याने आपली किंमत फेडली. प्रत्येक भाग ठेवा असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणता ठेवावा हे सांगण्याचा आमचा अधिकारही नाही. ते चीफ इंजिनिअर साहेबांचे काम. परंतु ज्याच्यामुळे बंद लांबते असे भाग कोणते, ह्या प्रश्नाने यादी सुरू व्हावी, किमतीने सुरू होऊ नये. साफसफाईसाठी ठरवून घेतलेल्या बंदाची गोष्ट वेगळी. त्याची तारीख आधी माहीत असते, तोड आदल्या दिवशीच आवरता येते, आणि म्हणून त्याची रांग जवळजवळ लागतच नाही.

थवे फोडण्याचे काम मात्र आमचे आणि तुमचे. इंग्लंडात १९५२ साली नॉर्मन बेली यांनी दवाखान्यांतील रांगांचा अभ्यास केला. सगळ्या रोग्यांना सकाळी एकाच वेळी बोलावण्याची पद्धत होती. डॉक्टरसाहेबांचा एक क्षण फुकट जाऊ नये, म्हणून रोग्यांनी तासन्‌तास बसायचे. बेली यांनी दाखविले, की सुरुवातीस दोघांना बोलवावे आणि पुढे एकेकास ठरावीक अंतराने. डॉक्टर जवळजवळ कामातच राहतो आणि रोग्यांचे बसणे पुष्कळ कमी होते. आपल्या तळाला हे तंतोतंत लागू नाही, कारण रोगी घरून निघतो आणि गाडी फडातून. पण दिशा तीच. लांबच्या गटाची भरणी आणि जवळच्या गटाची भरणी एकाच वेळी व्हायला नको. तळावर संध्याकाळी जत्रा आणि पहाटे शुकशुकाट, हे चित्र मोडायचे तर काही टोळ्यांनी भल्या पहाटे भरणी करावी, काहींनी दुपारी. मजुरांच्या जेवणाखाण्याचा, बाजाराच्या दिवसाचा, बायामाणसांना अंधारात फडात उतरावे लागू नये ह्याचा विचार करूनच ते बसवावे लागेल. कागदावर सोपे आहे तेवढे गावात सोपे नाही, हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच दहाचे एकेक करा असे आम्ही म्हणत नाही. दहाचे पाच झाले तरी किती फरक पडतो ते वर आलेच आहे.

नंबर पुढे घेण्याबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. "एवढी एक गाडी सोडा, काय फरक पडतो?" असा फोन ज्याला कधी आला नाही असा शेतकी खात्याचा माणूस सापडायचा नाही. क्लाईनरॉक नावाच्या अमेरिकन गणित्याने १९६५ साली सिद्ध केले, की गाड्या सारख्या असल्या तर नंबर कसेही फिरवा, सर्वांच्या थांबण्याची बेरीज तीच राहते. मिलला कोणाचा वशिला समजत नाही, ती तासाला शंभर टनच गाळते. एक गाडी चाळीस गाड्यांच्या पुढे गेली, तर तिचे चार तास वाचले आणि मागच्या चाळीस जणांच्या माथी प्रत्येकी सहा मिनिटे बसली. चाळीस साहे दोनशे चाळीस, म्हणजे चार तास. पै न पैचा हिशेब! प्रत्येकी सहाच मिनिटे म्हणून कोणी तक्रार करीत नाही, एवढेच. जळीत ऊस पुढे घेतला जातो त्याला अर्थ आहे, कारण त्याचे थांबणे इतरांपेक्षा महाग पडते. एरवीच्या पुढे घेण्याला गणितात तरी आधार नाही.

शेवटी, हे सगळे तुम्हांला स्वतःला पडताळून पाहायचे असेल तर त्यासाठी यंत्र नको. अमेरिकेचे जॉन लिटल यांनी १९६१ साली एक साधा नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती उभे आहेत, त्याला तासाला किती येतात त्याने भागा, म्हणजे सरासरी किती तास थांबावे लागते ते निघते. गाड्या थव्याने येवोत की सुट्या, मिल बंद पडो की चालो, हा नियम चुकत नाही. मात्र मोजणी पुरेशा दिवसांची हवी. तुमच्या गाडीबरोबर जाल तेव्हा किंवा तुमचा मुलगा जाईल तेव्हा, पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि मध्यरात्री तळावरच्या उभ्या गाड्या मोजून वहीत लिहा. पंधरा दिवसांची सरासरी ४५ आली आणि तासाला ९ गाड्या येत असतील, तर थांबणे पाच तासांचे आहे. मग कोणी दोन सांगो की बारा. आमच्या कचेरीतला आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा जुळला नाही, तर वही घेऊन या. मोजताना तेवढे एक करा: दोन टनांची बैलगाडी आणि दहा टनांची गाडी एक धरू नका. पाच बैलगाड्या मिळून एक लिहा.

— ऊस विकास अधिकारी